छत्तीस नंबरची पट्टी

रावेर
१२ जून २०२५

तीर्थरूप आबा,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. मी ज्योत्स्ना, धर्मेंद्रची बायको, म्हणजे तुमच्या मोठ्या भावाची सून. लग्नात पाया पडले तेव्हा तुम्ही आशीर्वाद देता देता मंडपातल्या स्पीकरची वायर न्याहाळत होतात. आपली ओळख एवढीच.

तुमच्याशी बोलायचं म्हणून शिंदखेड्याला फोन केला होता. काकू म्हणाल्या, "त्यासले ऐकू येस नही, आन मी सांगेल त्यासले पटस नही. तू कागद लिख." म्हणून हे पत्र.

यंदा आपल्या भाऊबंदांची कानबाई देवी आमच्याकडे बसणार आहे. नागपंचमीनंतरचा रविवार, ३ ऑगस्ट. चार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे पाठवून दिलेला कीबोर्ड मागच्या आठवड्यात धर्मेंद्रनी सुरू करून पाहिला, तर मधल्या पाच काळ्या पट्ट्या मुक्या. बाकी सगळं ठणठणीत. जळगावला एका दुकानात नेला. त्या माणसानं तो न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेला, नवा घ्या." धर्मेंद्र म्हणतात, नवा कशाला, मोठा स्पीकर आणू आणि पेनड्राइव्हवर गाणी लावू.

हे ऐकून सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या. मी मागोमाग गेले तेव्हा म्हणाल्या, "मना सासूनं गानं पेनड्राइव्हमां शे का?"

तुमच्या आईंचं ते गाणं मी एकदाच ऐकलंय, लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला, तेही स्वयंपाकघरातून, तुम्ही वाजवत होतात तेव्हा. आता ते पूर्ण फक्त सासूबाईंना येतं, आणि सुराचा आधार नसला की त्या दुसऱ्या ओळीला भरकटतात. यंदा ते झालं नाही तर पुन्हा कधी होईल असं मला वाटत नाही. तुम्ही येऊन कीबोर्ड पाहाल का? येणं जमत नसेल तर मला काय करता येईल ते तरी लिहा.

तुमची सून,
ज्योत्स्ना

*

शिंदखेडा
१८ जून २०२५

सूनबाई ज्योत्स्ना,

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे. धर्मेंद्रचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं, तेव्हा पत्रं तूच लिहीत जा.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे आशा नको. मी येणार नाही. दुकान बंद करून चार वर्षं झाली. हत्यारं ट्रंकेत आहेत आणि ट्रंक माळ्यावर.

आता दुखण्याकडे. जळगावच्या त्या शहाण्यानं न उघडता बोर्ड गेला म्हणून सांगितलं, ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत झाली. बोर्ड जातो तेव्हा घरातले सगळे दिवे जातात. पाच पट्ट्या मुक्या आणि बाकीच्या बोलतात, तर रोग त्या पाचांच्याच खाली असणार. मी चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, पेट्या, पिठाच्या गिरणीच्या मोटरीसुद्धा दुरुस्त केल्या, पण आधी डोळे वापरले आणि मग पेचकस. तू पण तसंच कर.

तीन गोष्टी लिहून पाठव. एक, त्या पट्ट्यांचे नंबर. डाव्या टोकापासून मोजायचं, काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही, एकही न गाळता. "मधल्या पाच" असं मला चालत नाही. दोन, त्या जोरात दाबल्या तर कधी चुकून बोलतात का? तीन, कीबोर्ड ठेवता कुठे, आणि त्याला हात कोण कोण लावतं? खरं लिही. डॉक्टरपासून आणि कारागिरापासून लपवू नये.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्या अजून ताक करताना रवीला शिव्या देतात का?

झुलाल

*

रावेर
२४ जून २०२५

तीर्थरूप आबा,

सासूबाईंना नमस्कार सांगितला. रवीचं वाचून दाखवलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या. आता मिक्सर आहे, शिव्या त्यालाच मिळतात.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. नंबर तीनदा मोजले: ३१, ३३, ३५, ३८, ४०. मधल्या पांढऱ्या सगळ्या बोलतात. जोरात दाबल्यावर ३३ आणि ३८ क्वचित बोलतात आणि पुन्हा गप्प होतात, ३१ तर मुळीच नाही. कीबोर्ड आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या दिवाणावर असतो, वर सुती चादर टाकलेली. हात कुणीच लावत नाही. धर्मेंद्र केळीच्या पॅकिंग हाऊसवर सकाळी जातात. मी केळीची रोपं तयार करतात त्या लॅबमध्ये, साडेनऊ ते पाच. घरी सासूबाई एकट्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माले काय इचारस व माय? मी त्या पेटीले हात बी लावत नही."

लॅबमध्ये मी दिवसभर चिमट्यानं केसाएवढे कोंब काचेच्या बाटलीत लावते. हात थरथरत नाहीत. तुम्ही सांगाल ते उघडीन, फक्त नीट सांगा.

आणि आबा, तुम्ही येत का नाही? दर वर्षी कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजतात, तेव्हा सासूबाई तुमचं नाव घेऊन मूठ भरतात. रोट तर पौर्णिमेच्या आत भाऊबंदांतच संपवावे लागतात. तुमच्या वाट्याचे दर वर्षी आम्ही खातो. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल, म्हणून लिहिलं.

ज्योत्स्ना

*

शिंदखेडा
२९ जून २०२५

सूनबाई,

याला म्हणतात उत्तर. जळगावच्या दुकानात तुलाच बसवायला हवं.

ऐक. हे यंत्र पट्ट्या एकेक करून वाचत नाही, गटागटानं वाचतं. तार तुटली असती तर काळ्यांबरोबर शेजारच्या पांढऱ्याही गेल्या असत्या. पांढऱ्या शाबूत आहेत आणि दोन काळ्या दाबल्यावर कधी कधी बोलतात, म्हणजे तार, बोर्ड सगळं ठीक आहे. काळ्यांच्या फटीतून वरून काहीतरी आत पडलंय. आणि काय पडलंय ते मी इथे बसून सांगतो. दसऱ्याला तुम्ही त्याची पूजा केली असणार!

हसू नकोस. आपल्याकडे दसऱ्याला शिवणाच्या मशीनपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू आणि वर अक्षता. मी रेडिओतून काढलेल्या अक्षता साठवल्या असत्या तर आमचा महिनाभराचा भात झाला असता. पूजा करावी, पण यंत्राच्या तोंडात घास भरवू नये.

आता उघडायचं. पहिला नियम: अ‍ॅडॉप्टर काढ आणि खालच्या कप्प्यातले सहाही सेल काढून बाजूला ठेव. मग गोधडी अंथरून कीबोर्ड पालथा घाल. स्क्रू दोन लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर पट्टीच्या पोटात घुसेल, म्हणून ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं ताटात मांड. मागचं झाकण हळू उचल, आत चपट्या तारांच्या पट्ट्या असतात, त्यांना ओढू नकोस. वाजवायच्या पट्ट्यांच्या खाली एक लांब रबर दिसेल, त्यावर काळे ठिपके. पट्टी दाबली की तो ठिपका खालच्या बोर्डाला टेकतो आणि यंत्राला कळतं. मध्ये कचरा आला की टेकत नाही, एवढंच दुखणं. लॅबमधलं स्पिरिट आणि कापूस घेऊन बोर्ड पूस. ठिपक्यांना बोट लावू नकोस, घासू तर मुळीच नकोस. पण पुसण्याआधी काय सापडलं ते बघ आणि मला लिही.

मी का येत नाही ते विचारलंस. चार वर्षांपूर्वीच्या कानबाईला मी वाजवत होतो. गाणं संपलं, बायका थांबल्या, आणि मला कळलंच नाही. मी आपला खाली मान घालून वाजवतोय. मान वर केली तेव्हा पोरं तोंड दाबून हसत होती आणि मोठी माणसं दुसरीकडे बघत होती. पोरांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. ती मोठी माणसं दुसरीकडे बघत होती, ते मात्र लागलं. दुसऱ्या महिन्यात कीबोर्ड तुमच्याकडे पाठवून दिला.

झुलाल

(खाली दुसऱ्या अक्षरात)
ज्योत्स्ना, मी प्रमिलाकाकू. यासनी माळावरनी ट्रंक खाले उतारी. माले सांगेल, झुरळ देखाले उतारी. तुना कागद तीनदा वाचतस. लिखत राहाय.

*

रावेर
७ जुलै २०२५

तीर्थरूप आबा,

काल रविवार होता, उघडला. धर्मेंद्र बॅटरी धरून शेजारी बसले आणि दर दोन मिनिटांनी "तुटणार, तुटणार" म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना चहा करायला पाठवलं.

ताटात बावीस स्क्रू क्रमानं मांडले. रबर दिसलं, ठिपके दिसले, सगळं तुम्ही लिहिलं तसंच. आणि तुमच्या अक्षताही सापडल्या! तीन दाणे आणि चिमूटभर कुंकू, पण पार उजव्या टोकाला, पंचावन्न-छप्पन्नच्या खाली, आणि त्या पट्ट्या तर बोलतात. दसरा निर्दोष आहे, आबा.

मुक्या पाचांच्या खाली वेगळंच निघालं. हळद. कुंकू नाही, तांदूळ नाही, नुसती हळद. ३१च्या खाली तर लेप बसल्यासारखी वाळून घट्ट झालेली, आणि या पाचांच्या मधल्या पांढऱ्यांखाली एक कणही नाही. पूजेची हळद अशी नेमकी पाच ठिकाणी कशी पडेल? कुणीतरी ओलं बोट त्याच पाच पट्ट्यांवर टेकवलंय, पुन:पुन्हा. नंतर कापडानं पुसलंय, आणि पुसताना ती फटीत गेली.

स्पिरिटनं पुसली. रबर जागेवर बसवलं, स्क्रू क्रमानं लावले, अ‍ॅडॉप्टर जोडला. पाचही बोलल्या! धर्मेंद्र चहाचा कप घेऊन दारातच उभे राहिले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं, मला आतल्या खोलीतून दिसत होतं. पण बाहेर आल्या नाहीत.

आता हे कोण करतं ते शोधायला हवं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. धर्मेंद्रना विचारलं, ते म्हणाले, मला हळदीचा डबा कुठे असतो हेच माहीत नाही. ते मात्र खरं आहे. आज संध्याकाळी सासूबाईंना पुन्हा सरळ विचारीन म्हणते.

ज्योत्स्ना

*

शिंदखेडा
१२ जुलै २०२५

सूनबाई,

विचारलंस का? विचारलं नसेल तर विचारू नकोस. विचारून झालं असेल तर पुन्हा विचारू नकोस.

दसऱ्याचा माझा अंदाज चुकला, ते कबूल. पण जास्त मोठी चूक वेगळीच झाली. तू नंबर पाठवलेस त्या दिवशी मी ते कारागिराच्या डोळ्यांनी वाचले. ३१, ३३, ३५, ३८, ४०. तारा शोधत बसलो. वाजवणाऱ्याच्या बोटांनी वाचले असते तर तेव्हाच कळलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी चौदा वर्षांचा होतो. वडिलांनी सोनगीरच्या एका भजनी माणसाकडून जुनी पेटी आणली होती. आईला कानबाईचं गाणं पेटीवर वाजवायचं होतं. गाणं तिनं स्वत: जुळवलेलं, पण तिला ना सारेगम येत होतं ना अक्षर. मी तिला म्हणालो, पांढऱ्यांकडे बघूच नकोस, तुझं सगळं गाणं पाच काळ्यांवर बसतं. आणि तिला ओळखू याव्यात म्हणून त्या पाच काळ्यांवर हळदीचं बोट टेकवलं. काळ्यावर पिवळं लांबूनही दिसतं. रोज दुपारी घर रिकामं झालं की आई आणि मी बसायचो. वाजवून झालं की वडिलांना कळू नये म्हणून ती पदरानं पुसून टाकायची. म्हातारपणी हे काय चाळे असं लोक म्हणतील अशी तिला भीती. ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती!

त्या खोलीत आणखी एक माणूस असायचं. नवी लग्न होऊन आलेली, चुलीजवळ बसून डाळ निवडणारी. ती काही बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, डाळीकडे बघतेय.

नाव मी लिहीत नाही, तू हुशार आहेस.

आता काम सांगतो. हळद यंत्राला वाईट. तुझ्याकडच्या टिकल्यांचं पाकीट काढ, मागे गोंद असलेल्या, पिवळ्या मिळाल्या तर उत्तम. ३१, ३३, ३५, ३८, ४० वर एकेक लाव. टिकली फटीत पडत नाही. चादर घाल आणि कामाला निघून जा. कुणाला काही बोलू नकोस.

झुलाल

*

रावेर
१७ जुलै २०२५

तीर्थरूप आबा,

मागच्या पाकिटावर मी लॅबचा पत्ता घातला होता, म्हणून तुमचं पत्र तिथे आलं, ते बरं झालं. सासूबाईंना मी अजून विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी टिकल्या लावल्या आणि गेले. संध्याकाळी आले तर चादर जशीच्या तशी, सासूबाईंचा चेहराही. फक्त जेवताना त्यांनी मला जास्तीची पुरणाची पोळी वाढली. मंगळवारी, काही कारण नसताना. आमच्याकडे एवढं पुरे.

काल अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दोनला परत आले आणि मागच्या अंगणातून खिडकीशी गेले. चोरून बघणं बरं नाही हे मला कळतं, पण राहवलं नाही. त्या दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या, चष्मा नाकावर, एका बोटानं टिकल्या शोधत. आवाज अगदी बारीक ठेवलेला. आणि गात होत्या! बहात्तर वर्षांची बाई एका बोटानं वाजवते आणि एकही स्वर चुकत नाही. मला तिथेच रडू आलं.

पण आबा, दर कडव्याच्या शेवटच्या ओळीला त्या अडतात. तिथला एक सूर त्यांना सापडत नाही. पाचही टिकल्या दाबून पाहतात, मान हलवतात, पुन्हा पहिल्यापासून. मी अर्धा तास उभी होते, अकरा वेळा तिथेच अडल्या.

मग मी पुढच्या दारानं गेले आणि मुद्दाम कडी वाजवली. आत गेले तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि म्हणाले, आई, टिकल्या पुरतात ना? त्यांनी डाळीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "मी मरसू तवय हाई गानं कोन म्हनी? म्हनीसन शिकी राह्यनू. पन शेवटनं येस नही. तठे झुलालभाऊ काय करेत, ते माले चूलपासून दिखे नही."

तुम्ही तिथे काय करायचात?

ज्योत्स्ना

*

शिंदखेडा
२१ जुलै २०२५

सूनबाई,

वहिनींना तो सूर पाच काळ्यांत सापडणारच नाही, कारण तो त्यांत नाही. आईला मी खोटं सांगितलं होतं. सगळं गाणं काळ्यांवर बसत नाही. कडव्याच्या शेवटी एक पांढरी लागते. पण पांढऱ्यांचं नाव काढलं असतं तर आई घाबरून उठली असती, म्हणून मी तिच्या उजवीकडे बसायचो आणि तेवढा एक सूर हात लांबवून मीच दाबायचो. तिला वाटायचं, पेटी आपोआप म्हणते. पुढे तिला कळलं, पण मी दाबायचं सोडलं नाही आणि तिनंही मागितला नाही. वहिनी बसायच्या तिथून माझ्या पाठीमुळे तो दिसत नसणार.

नंबर छत्तीस. तीन काळ्या आणि दोन काळ्या यांच्यामध्ये दोन पांढऱ्या शेजारी शेजारी आहेत, त्यांतली डावी. तिथे वेगळ्या रंगाची टिकली लाव. काम झालं.

म्हणजे आता माझी गरज उरली नाही. यंत्र बोलतंय, वाजवणारी आहे, गाणारी आहे. आनंदानं कानबाई बसवा.

झुलाल

*

रावेर
२५ जुलै २०२५

आबा, पुढचं पत्र सासूबाईंचं आहे. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "तू तुनं शहानपन मधमां घालू नको" अशी ताकीद आहे, म्हणून एक शब्दही बदललेला नाही.

झुलालभाऊ,

छत्तीस नंबरनी पट्टी सापडनी. मी दाबी देखी. सूर बराबर शे. पन मी ती वाजाडाव नही. सासूबाईनी ती कधी दाबी नही, मंग मी कशी दाबसू? ती पट्टी तुमनी शे.

तुमले ऐकू येस नही. मंग काय व्हयनं? माले येस ना. तुम्ही मना बोटकडे ध्यान ठेवा, मी कानकडे ठेवसू. दोन्ही मिळीसन एक मानूस तं व्हईच.

त्या सालले पोरं हसनात, मी बी तठेच व्हतू. मी दुसरीकडे देखं, कारन माले रडू उनं व्हतं. तुमले वाटनं का माले लाज वाटनी. चार वरीस तुम्ही तेच धरी बठनात.

आखो एक. तुमना नावना गहू चार वरीस पासून दळतस आन रोट आम्ही खातस. बाहेर देता येस नही, फेकता येस नही. धर्मेंद्रनं पोट देखा कितलं वाढनं. यंदा तुमना रोट तुम्हीच खावा.

प्रमिलाले संगे आना.

तुमनी वहिनी,
यशोदा

*

(पोस्टकार्ड)
शिंदखेडा
२९ जुलै, नागपंचमी

सूनबाई,

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो, भुसावळला गाडी बदलून दुपारपर्यंत रावेर. प्रमिला बरोबर आहे, तिची पिशवी परवाच भरून झाली आहे. कार्ड आमच्या मागून पोचलं तर हसू नका.

वहिनींना सांग, गहू मोजताना माझी मूठ मोठी धरा. छत्तीसवर टिकली लावू नका. मला ती सापडते.

झुलाल

*

रावेर
१२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबा,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. घर एकदम ओकंबोकं वाटतंय. तुमच्या वाट्याचे रोट तुम्ही नेले तरी पौर्णिमेच्या आत सगळे संपवताना धर्मेंद्रच्या नाकीनऊ आले.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली आहे. तुम्ही निघताना मी सांगणार होते, सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. पण मला आठ दिवस चैन नाही. तुम्हीच लिहिलं होतं, कारागिरापासून लपवू नये.

रविवारी दुपारी कानबाईची स्थापना झाली आणि तुम्ही सासूबाईंच्या उजवीकडे पाटावर बसलात. पहिलं कडवं झालं, तुम्ही छत्तीस दाबली, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम हुंकार दिला. दुसरंही तसंच. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर लाइट गेली. कीबोर्ड बंद पडला. चूक माझी. उघडताना तुमच्या पहिल्या नियमाप्रमाणे सहाही सेल काढले, आणि परत घालायचे विसरले. ते अजून स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी होते.

तुम्ही सासूबाईंच्या बोटांकडे बघत होतात. धर्मेंद्र तुमच्या खांद्याला हात लावून सांगायला वाकले. सासूबाईंनी मान हलवली, नाही. आणि त्या वाजवतच राहिल्या, मुक्या पट्ट्यांवर, एकेक टिकली दाबत. गाणं पण थांबवलं नाही. मग सगळ्या बायकांनी त्यांच्यामागून ओळ उचलत आवाज चढवला. उरलेली तीन कडवी तशीच झाली, आणि प्रत्येकाच्या शेवटी तुम्ही वेळेवर छत्तीस दाबलीत. शेवटी सासूबाईंनी हात उचलला, त्याच क्षणी तुम्हीही उचललात. कुणी हसलं नाही. कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

पण आबा, तुम्हाला न सांगता तुमच्याकडून बंद पेटी वाजवून घेतली. आम्ही तुम्हाला फसवलं का? मला ते सारखं टोचतंय. राग आला असेल तर तसं लिहा.

ज्योत्स्ना

*

शिंदखेडा
१७ ऑगस्ट २०२५

सूनबाई,

माझे कान गेलेत, डोळे नाही. कीबोर्डवरचा लाल दिवा विझला तेव्हाच मला कळलं. डोक्यावरचा पंखाही थांबला होता आणि टकलावर घाम आला होता. चाळीस वर्षं वीज दुरुस्त केलेल्या माणसाला लाइट गेलेली कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

मी हात उचलणारच होतो. मग पाहिलं, वहिनींचं बोट चालूच आहे. मागे वळून पाहिलं, सगळ्यांचे ओठ चालूच. तेव्हा लक्षात आलं की या घडीला पेटी कुणालाच ऐकू येत नाही. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या बरोबरीचा होतो. मग कशाला थांबू?

वहिनींना हे वाचून दाखव. त्यांना वाटत असेल त्यांनी मला सांभाळून घेतलं, तर तसंच वाटू दे म्हणून मी स्टेशनवर गप्प राहिलो. पण आपल्यात आता लपवालपवी पुरे झाली.

ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवलेली नाही. गल्लीतल्या सुपडूनं काल मिक्सर आणून ठेवलाय, त्याच्या पोटातून अर्धी वाटी हळद निघाली.

सेल घालून ठेव. आणि पुढच्या वर्षी विसरलीस, तर कुणाला सांगू नकोस.

झुलाल